खड्डा आहे म्हणून टाकत होतो : एका घराची आठ आठवड्यांची नोंद

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमची बावीस घरांची सोसायटी आहे. मागच्या भिंतीला लागून विटांचे दोन खताचे खड्डे आहेत. रोज सकाळी सगळ्या घरांचा ओला कचरा तिथे जातो, वर वाळक्या पानांचा थर पडतो आणि तीन-चार महिन्यांनी खालून काळंभोर, मोकळं खत निघतं. त्या खतावर आमचा कढीपत्ता आणि शेवगा वाढलाय. आपला ओला कचरा फाटकाबाहेर जात नाही याचा मला फार अभिमान होता. उरलेला भात बादलीत रिकामा करताना मी मुलांना सांगायचे, "वाया नाही जात रे, खत होतं त्याचं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात खड्ड्याची देखभाल करणारे काका दारात थांबले. म्हणाले, "ताई, राग मानू नका. तुमच्या मजल्यावरनं भात लई येतो. भात आला की खड्डा बसतो."

आमच्या मजल्यावर दोनच घरं. त्यातलं समोरचं वर्षभर कुलूपबंद. मी मुकाट्याने खाली गेले. काकांनी फावड्याने वरची पानं बाजूला केली. एका कोपऱ्यात भाजीची सालं, चहाचा चोथा, पानं. हाताने उचलावं इतकं भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. दुसऱ्या कोपऱ्यात पांढरट चिकट लगदा, त्यात भिजून फुगलेल्या पोळ्या एकीला एक चिकटलेल्या, आणि नाकात जाईल असा आंबूस वास. शिजवलेल्या अन्नात पाणी असतं, तेल असतं, मीठ असतं. ते दाबून बसतं, आत हवा शिरत नाही, आणि हवा नसली की खत होण्याऐवजी नुसतं सडतं. गांडुळंही त्या बाजूला फिरकत नाहीत.

त्या कोपऱ्यातलं बरंचसं आमच्या घरचं होतं. आमच्या घरातून नेमकं किती अन्न जातं, कुठून जातं आणि ते थांबवता येतं का, हे पाहायला मी जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आठ आठवडे वही ठेवली. त्या वहीवरून हे लिहिते आहे.

घर

आम्ही पाच जण. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, ज्यांना मीही आई म्हणते. नवरा, जो आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जातो. मी, घरून छोट्या दुकानदारांचे हिशोब लिहिते. आठवीतली लेक आणि चौथीतला मुलगा. सकाळी आठ वाजता पोळ्यांच्या मावशी येतात. बाकीचा स्वयंपाक आई आणि मी मिळून करतो. भाजी रविवारी एकदम आठवड्याची यायची, मध्ये काही कमी पडलं तर फोनवरून मागवायची. दुपारी पोळी-भाजी, रात्री वरण-भात किंवा आमटी-भात, कधी खिचडी. पुण्यातल्या हजारो घरांसारखं घर. म्हणूनच ते लिहून ठेवण्यासारखं वाटलं.

ज्या घरात दुधाच्या पिशवीचाही हिशोब वहीत आहे, त्या घरातून रोज किती अन्न बाहेर जातं याची एक ओळ कुठे नव्हती.

काटा

रीत साधी ठेवली. ओट्याखाली दोन डबे. एकात सालं, देठ, बिया, चोथा. दुसऱ्यात जे खाण्याजोगं होतं किंवा कधीतरी होतं, ते. रात्री झोपण्याआधी दोन्ही डबे काट्यावर ठेवायचे आणि आकडा लिहायचा. दुसऱ्या डब्यासमोर एक शब्द जास्तीचा: का टाकलं. पहिले दोन आठवडे कशातही बदल करायचा नाही असं ठरवलं, नाहीतर खरं चित्र दिसलंच नसतं.

आईंचा याला विरोध होता. "अन्नाला तराजू लावू नये. बरकत जाते," त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी खाणारी अठरा माणसं होती आणि ताटात किती वाढलं हे कुणी कधी मोजलं नाही. मी म्हटलं, "आई, वाढायचं नाही मोजणार. टाकायचं तेवढंच मोजू." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते टाकतो तेव्हा अन्न नसतं का?" मला उत्तर सुचलं नाही. पण तिसऱ्या रात्री मी लेकीचा अभ्यास घेत होते, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, "चारशे साठ. लिही."

ही वजनाची कल्पना माझी नाही. दक्षिण कोरियात अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरायला २००५ पासून बंदी आहे आणि २०१३ पासून देशभर जितका टाकाल तितके पैसे, अशी पद्धत आहे. तिथल्या अनेक इमारतींत डबा असा असतो की कार्ड लावल्यावर झाकण उघडतं, आत टाकलेल्याचं वजन पडद्यावर दिसतं आणि त्याचं बिल त्या घराच्या नावावर चढतं. मला त्यातलं बिल नको होतं. पडद्यावरचा आकडा हवा होता.

पहिले दोन आठवडे

पहिल्या आठवड्यात खाण्याजोगं अन्न गेलं ३.४ किलो, दुसऱ्यात २.९. दोन आठवड्यांचं मिळून ६.३ किलो. सालं-देठांचं वजन आठवड्याला साधारण ४ किलो, ते वेगळं.

त्या ६.३ किलोंची फोड केली तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसले. शिजवून उरलेलं आणि टाकलेलं ३.५ किलो, त्यात भात १.३, पोळ्या ०.८ आणि बाकी भाज्या, आमट्या. न शिजवताच खराब झालेली भाजी २.१ किलो. आणि ताटात किंवा शाळेच्या डब्यात राहिलेलं फक्त ०.७ किलो.

आमच्या घरात अन्नावरून जी काही बोलणी होतात ती सगळी या शेवटच्या ०.७ किलोंवरून. "ताट स्वच्छ कर." "शेवटचा घास टाकू नको." "शेतकरी किती राबतो ठाऊक आहे का?" हे सगळं मी मुलांना ऐकवत होते आणि त्याच दिवशी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातून तीन दिवसांपूर्वीची वाटीभर उसळ काढून, नाक मुरडून, डब्यात ओतत होते. मुलांच्या ताटातून जे जात होतं त्याच्या आठपट माझ्या आणि आईंच्या हातून जात होतं. हे मी त्या रात्री मुलांना सांगितलं. मुलगा म्हणाला, "मग तुला कोण ओरडणार?"

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अहवाल २०२२ सालचा हिशोब देतो. जगभरातली घरं, खाणावळी-हॉटेलं आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न टाकलं गेलं. त्यातलं ६३.१ कोटी टन घरांतून, म्हणजे दर दहा किलोंतले सहा किलो आपल्यासारख्यांच्या ओट्यावरून. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज आहे माणशी वर्षाला ५५ किलो. या आकड्यात सालं आणि हाडंही धरलेली आहेत, म्हणून मी माझे दोन्ही डबे एकत्र करून भागाकार केला. आम्ही येत होतो माणशी वर्षाला ७४ किलोंवर.

खड्डा असलेलं, कचरा वेगळा करणारं, कापडी पिशवी घेऊन बाजारात जाणारं आमचं घर देशाच्या सरासरीच्या बरंच वर होतं.

खतामुळे काय वाचतं आणि काय नाही

खड्डा निरुपयोगी आहे असं कुणी समजू नये. ओला कचरा डेपोवर गेला की एकावर एक ढिगाऱ्यांखाली दाबला जातो, हवा न मिळता कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. पहिल्या वीस वर्षांचा विचार केला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. तोच मिथेन पेटतोही. मुंबईत देवनारच्या डेपोवर जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहातून दिसला होता. आमच्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. तिथल्या लोकांनी आपल्या विहिरींचं पाणी आणि घरातली हवा गमावली. २०१७ साली तिथेही आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा सगळं पुणं आपापल्या कचऱ्याकडे पाहायला लागलं. आमचे खड्डे त्याच सुमारास बांधले गेले. ते बांधले हे बरंच झालं.

पण खत करून आपण शेवटचा टप्पा सावरतो. त्याआधीचं सगळं होऊन गेलेलं असतं. आमच्या वहीतला १.३ किलो भात घ्या. तांदूळ शिजला की अडीच-तीन पट होतो, म्हणजे कोरडा तांदूळ झाला साधारण साडेचारशे ग्रॅम. जगाच्या सरासरीने एक किलो पांढऱ्या तांदळामागे २,५०० लिटर पाणी लागतं. त्या हिशोबाने आम्ही दोन आठवड्यांत हजार लिटरच्या वर पाणी खड्ड्यात ओतलं. गच्चीवरच्या एका काळ्या टाकीत मावतं तेवढं. आम्ही मावळातला इंद्रायणी घेतो आणि तो बराचसा पावसाच्याच पाण्यावर येतो, त्यामुळे हे सगळं पाणी धरणातून आलं असं मी म्हणणार नाही. पण पाणी भरलेल्या भातखाचरातून मिथेन तिथेही निघतो. शिवाय युरिया, नांगरणीचं डिझेल, गिरणी, ट्रक, दुकान, आमचा कुकर आणि त्याखालचा गॅस. खतातून यातलं परत येतं ते मातीला लागणारं थोडं नत्र आणि कर्ब. कढीपत्त्याला ते पुरतं. बाकीचं गेलं ते गेलं.

अन्नाची शेतातली आणि वाटेतली नासाडी, आणि नंतर टाकून देणं, हे सगळं धरलं तर जगातल्या हरितगृह वायूंपैकी ८ ते १० टक्के त्याच्या खात्यावर जातात. यात खड्डा नसलेल्या घरांसारखीच खड्डा असलेली घरंही आहेत. आमच्या बाबतीत तर माझं ठाम मत झालंय की खड्ड्यामुळे टाकणं सोपं झालं होतं. "खत होतं त्याचं" हे वाक्य मी मुलांना सांगत होते, पण समजूत स्वतःची घालत होते.

मावशींना दिलं

वहीत पहिल्या दोन आठवड्यांत एक नोंद अकरा वेळा होती: "मावशींना दिलं." ती मी टाकलेल्यात धरली नव्हती. कालची भाजी, सकाळच्या उरलेल्या पोळ्या, दोन दिवसांपूर्वीचा शिरा. कुणाच्या तरी पोटात जातंय म्हटल्यावर हिशोब मिटला.

तिसऱ्या आठवड्यात मी मावशींना समोर बसवून विचारलं, "मावशी, खरं सांगा, तुम्ही ते खाता का?" आधी त्या "हो, खातो की" म्हणाल्या. मी वही दाखवली, कशासाठी विचारते ते सांगितलं. मग त्या पोळपाटाकडे बघत म्हणाल्या, "ताई, माझ्याही घरी काल रात्रीचं असतंच ना. पोरं बघत पण नाहीत तिकडं. तुम्ही प्रेमानं देता म्हणून नाही म्हणवत. जाता जाता गाईला घालते."

मला फार लाज वाटली. आपण जे खायला तयार नाही ते दुसऱ्याच्या हातात देऊन मी पुण्य पदरात पाडत होते, आणि नाही म्हणायचं ओझं त्यांच्यावर टाकत होते. बरं, गाईचंही त्यात भलं नव्हतं. गाईचं पोट चाऱ्यासाठी बनलेलं असतं. शिळा भात, पोळ्या भरपूर गेल्या की पोटात आम्ल वाढतं, जनावर फुगतं, कधी दगावतंही. चौकातल्या त्या गाईला आमच्यासारख्या किती घरांचं रोज जात असेल, कोण जाणे.

त्या दिवसापासून ती नोंद बंद. मावशींचं काम आटोपेपर्यंत साडेनऊ वाजतात. तेव्हा जे ताजं झालेलं असतं ते त्या आमच्याबरोबर टेबलावर बसून खातात. आणि मागची नोंद मी तारखेनुसार दुरुस्त केली नाही, करता आलीच नसती, पण आमचा खरा आकडा ६.३ किलोंहून मोठा होता हे वहीच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलंय.

काय बदललं

सगळ्यात मोठा फरक भाताने पडला, म्हणून तो नीट सांगते. आई तांदूळ वाटीने घेतात आणि वर एक मूठ टाकतात. ती मूठ येणाऱ्या-जाणाऱ्याची. त्यांच्या सासूबाई टाकायच्या, त्यांच्याही टाकायच्या. वाड्यात राहताना जेवायच्या वेळी रोज कुणीतरी यायचंच. आता आमच्याकडे फोन केल्याशिवाय कुणी येत नाही, फोन आला तरी बहुतेक जण जेवून येतात, पण मूठ चालू आहे. रोजच्या उरलेल्या भाताचं वजन आणि त्या मुठीचा शिजलेला भात जवळजवळ सारखा निघाला.

मूठ टाकू नका, असं मी आईंना सांगू शकत नव्हते आणि सांगावंसं वाटतही नव्हतं. त्यामागची भावना चांगली आहे. लेकीने तोडगा काढला. म्हणाली, "आजी, मूठ काढ, पण कुकरमध्ये नको टाकू, डब्यात टाक. कोणी आलं तर त्या डब्यातले तांदूळ लावू. वीस मिनिटांत भात होतो." आईंनी विचार करायला दोन दिवस घेतले. मग एक जुना पितळी डबा घासून देवघराच्या खालच्या फळीवर ठेवला. महिन्याकाठी त्यात किलोभर तांदूळ साठतो. कोरडा तांदूळ महिनाभर टिकतो, शिजलेला एक दिवस. एवढ्या साध्या गोष्टीवर आमचा टाकला जाणारा जवळजवळ सगळा भात वाचला. तो तांदूळ आई आता दर महिन्याला स्वतः नेऊन जवळच्या मठातल्या अन्नछत्रात देतात.

पोळ्यांचं सोपं होतं. मावशी रोज अठरा करायच्या, कारण चार वर्षांपूर्वी मी अठरा सांगितल्या होत्या. तेव्हा सासरे होते आणि नवरा रोज डबा न्यायचा. तो आकडा बदलायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. आता आदल्या रात्री ज्याने त्याने फ्रिजवरच्या पाटीवर आपला आकडा लिहायचा. न लिहिणाऱ्याला दोन. बेरीज बारा-तेरावर येते. मुलाच्या शाळेच्या डब्यातली तिसरी पोळी रोज परत यायची. विचारलं तर कळलं की डबा खायची सुट्टी पंधरा मिनिटांची असते आणि त्यातली निम्मी हात धुवायच्या रांगेत जाते. तो नखरे करतो असं मी दोन वर्षं समजत होते. आता दोन पोळ्या गुंडाळी करून.

भाजीला शिस्त लागायला वेळ गेला. रविवारी बाजारात सगळं हिरवंगार दिसतं आणि मी चार पालेभाज्या घेऊन येते. त्या निवडायला लागणारा वेळ मात्र कुणी पिशवीत घालून देत नाही. बुधवारी मेथी पिवळी, गुरुवारी पालकाचं पाणी. वहीत "का टाकलं" पुढे सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द "निवडली नाही" हा होता. आता एका वेळी एकच पालेभाजी, आणि ती आणल्या दिवशीच करायची. बाजार आठवड्यातून दोनदा, पिशवी लहान. कोथिंबीर न धुता, मुळं कापून, पातळ सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. पावसाळ्यातही आठवडा निघतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तीच चार दिवसांत काळी चिकट होते. पिकलेली केळी, टोमॅटो, सफरचंदं यांतून इथिलीन वायू निघतो आणि शेजारची हिरवी भाजी त्याने लवकर पिवळी पडते, म्हणून फळांची टोपली ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली.

फ्रिजमध्ये वरचा कप्पा "आधी हे"चा केला. उरलेलं सगळं तिथेच, मुरंब्याच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्यांत. स्टीलच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही आणि उघडायचा कंटाळा येतो. कंटाळ्याचा तिसरा दिवस म्हणजे बादली. बरणीतली उसळ दिसते, म्हणून खाल्ली जाते. यासाठी एकही नवा डबा विकत आणावा लागला नाही.

बुधवारची रात्र उरल्यासुरल्याची. यात आईंनी मला थक्क केलं. आमटी आणि भाजी भाजणीत मळून थालीपीठ. पोळ्यांचा कुस्करा, किंवा गूळ-तूप घालून लाडू. दोडक्याच्या शिरांची तीळ-खोबरं घालून चटणी, दुधीच्या सालींची तशीच. फ्लॉवरचे कोवळे दांडे कोशिंबिरीत. मी पंधरा वर्षं या घरात आहे आणि यातलं बरंचसं त्यांनी करायचं सोडून दिलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "तुला आवडणार नाही असं वाटलं. शिळ्याचं केलं म्हणशील."

फसलेलं

चौथ्या आठवड्यात उत्साहाच्या भरात मी चूक केली. रात्रीचा भात ओट्यावरच राहिला होता. जुलैची दमट हवा. सकाळी तो उघडून पाहिला, वास नव्हता, तार सुटली नव्हती, म्हणून फोडणी देऊन नवऱ्याला नाश्त्याला दिला. दोन तासांत त्याला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत तो गळून गेला होता. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भात शिळा होता का?" तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात तासन्‌तास उबदार हवेत राहिला की ते वाढतात आणि असं विष तयार करतात जे कितीही परतलं तरी नष्ट होत नाही. वासावरून ते कळत नाही. तेव्हापासून नियम कडक आहे: उरलेला भात पसरट ताटलीत लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. बाहेर रात्रभर राहिलेला भात मी आता न हळहळता टाकते आणि वहीत लिहिते.

केळ्याच्या सालींची भाजी घरात कुणीच खाल्ली नाही. फ्रिजमधल्या सामानाची यादी फोनवर ठेवायचा लेकीचा प्रयोग नऊ दिवस चालला.

पाचवा आठवडाही बिघडला. आषाढी एकादशी त्यात आली. आईंचा भाऊ आणि भावजय येणार म्हणून मी पाऊण किलो साबुदाणा भिजवला. ऐनवेळी मामांचं येणं रद्द झालं. भिजलेला साबुदाणा काही पुन्हा कोरडा करता येत नाही. दुसऱ्या दिवशी थालीपिठं केली, तिसऱ्या दिवशी कुणी हात लावेना. त्या आठवड्याचा आकडा २.७ किलो, चौथ्यात तो २ वर आलेला असताना.

आकडे

सहाव्या आठवड्यात १.५ किलो, सातव्यात १.१, आठव्यात ०.९. सालींचा डबाही थोडा हलका झाला, ३.६ किलोंवर, चटण्यांमुळे. दोन्ही मिळून माणशी वर्षाला साधारण ४७ किलोंचा वेग. देशाच्या सरासरीच्या खाली आहे, पण फार नाही. एका घराच्या आठ आठवड्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मला कळतं; शिवाय रोज काटा समोर असताना माणूस आपोआप सांभाळून वागतो. काटा काढला तर काय होईल ते पाहायला मी ऑगस्टच्या शेवटी दोन आठवडे वही बंद ठेवली आणि मग न सांगता एक आठवडा मोजलं. १.४ किलो. वाढलं, पण जुन्या जागी गेलं नाही. वाढलेल्यात बहुतेक भाजी होती. भात जवळजवळ नव्हताच, कारण पितळी डबा जागच्या जागी आहे.

काकांना विचारलं. त्यांनी पांढऱ्या कोपऱ्यात फावडं मारलं आणि म्हणाले, "आता श्वास घेतोय."

मग गौरी आल्या. आमच्याकडे गौरी जेवतात त्या दिवशी पंचवीस पानं उठतात. आदल्या संध्याकाळी आई वही मागून घेऊन बसल्या. मागच्या वर्षी सोळा भाज्यांच्या भाजीचं भलं मोठं पातेलं अर्धं उरलं होतं, ते त्यांना आठवत होतं. या वेळी प्रत्येक भाजी मूठ-मूठच घ्यायची ठरली, सोळाच्या सोळा, पण मूठच. भात दोनदा लावायचा, पहिली पंगत उठल्यावर दुसरा कुकर. पानात डावी-उजवी बाजू सगळी वाढायची, पण आग्रह फक्त पुरणपोळीचा.

रात्री साडेअकराला आम्ही दोघींनी डबा काट्यावर ठेवला. १.९ किलो. त्यातलं १.२ किलो नुसतं पुरण. आईंनी चष्मा पुसला, आकडा पुन्हा वाचला आणि वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "पुढच्या वर्षी डाळ दोन वाट्या कमी."